आजाराला नाव मिळेपर्यंत मेडिक्लेमची फाइल

कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीनं थेट हॉस्पिटलला भरण्याच्या, सोयीसाठी आधी मंजुरी मागायचा जो प्री-ऑथ फॉर्म असतो, त्यावर एक रकाना असतो, 'प्रोव्हिजनल डायग्नोसिस', म्हणजे तात्पुरतं निदान. अपेंडिक्स, मूतखडा, डेंग्यू असं काही असलं की हॉस्पिटलचा माणूस तो चटकन भरतो. पण ज्याला महिनाभर रोज संध्याकाळी ताप चढतोय, कपडे सैल झालेत आणि मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू सगळं निगेटिव्ह आलंय, त्याच्या फॉर्मवर तिथे 'पीयूओ' (पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन, कारण न सापडलेला ताप) किंवा 'फीवर अंडर इव्हॅल्युएशन' असं लिहिलं जातं. आयसीडी, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या, कोडच्या चौकोनात आर५०.९ पडतं. आयसीडी-१० मध्ये 'आर' हा विभागच मुळी लक्षणांचा आहे: ताप आर५०, चक्कर येऊन शुद्ध हरपणं आर५५, थकवा आर५३, वजन उतरणं आर६३.४. असा कोड टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर पोचला की पहिली शंका एकच येते, हा पेशंट नुसत्या तपासण्यांसाठी भरती झालाय का?

निदान न झालेल्या आजारात विम्याशी जी झटापट होते, ती बहुतेक या एका शंकेभोवती फिरते. आजाराचं नाव जे काम एका शब्दात करतं, तेच काम नाव नसताना तारखांकडून, आकड्यांकडून आणि डॉक्टरांच्या नेमक्या वाक्यांकडून करून घ्यावं लागतं. फाइल तशी बांधली तर निदान नसतानाही क्लेम मिळू शकतो.

आधी ते कलम नीट वाचा. पॉलिसीच्या एक्स्क्लूजनच्या, म्हणजे काय मिळणार नाही त्याच्या, पानावर 'एक्स्क्ल ०४' असा कोड सापडेल, 'इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन'. हे शब्द आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेले असल्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी मजकूर तोच. त्याचे दोन भाग आहेत. एक, भरती होण्याचा मुख्य हेतू केवळ निदान आणि तपासणी हाच असेल तर तो खर्च मिळणार नाही. दोन, ज्या तपासण्यांचा सध्याच्या निदानाशी आणि उपचाराशी संबंध नाही, त्यांचा खर्च मिळणार नाही. पहिल्या भागात 'मुख्य' आणि 'केवळ' असे दोन शब्द आहेत, आणि तुमची सगळी बाजू त्या दोन शब्दांवर उभी राहते. भरतीत शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं, सलाइन होतं, बीपी घसरत होतं म्हणून दर चार तासांनी बघावं लागत होतं, रक्त चढवलं, असं कागदावर असेल तर 'केवळ तपासणी' हे म्हणणं टिकत नाही. उलट तीन दिवस नुसत्या गोळ्या आणि रोज एक स्कॅन एवढंच झालं असेल, तर क्लेम खरोखरच कमकुवत आहे, आणि हे भरतीच्या आधीच ओळखलेलं बरं. चालता-फिरता पेशंट, नाडी-बीपी ठीक, आणि राहिलंय ते एमआरआय किंवा एंडोस्कोपी, तर ते ओपीडीतच करा. पैसे खिशातून जातील, पण खोलीभाडं वाचेल.

ओपीडीतले पैसेही कायमचे गेले असं समजू नका. पुढे त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं तर भरतीआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला खर्च बहुतेक पॉलिसी देतात, भरतीनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतलाही देतात. त्यासाठी प्रत्येक तपासणीचे तीन कागद एकत्र टाचलेले हवेत: डॉक्टरांनी ती तपासणी लिहून दिलेली चिठ्ठी, बिल आणि रिपोर्ट. चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी. निदान मिळत नाही म्हणून माणूस अस्वस्थ होतो आणि लॅबमध्ये जाऊन स्वतःच पॅकेज करून घेतो. ते समजण्यासारखं आहे, पण चिठ्ठी नसलेल्या तपासणीचा क्लेम होत नाही.

आता भरतीची रात्र. ड्यूटीवरचा आरएमओ (निवासी डॉक्टर) हिस्टरी घेतोय. पेशंट ग्लानीत आहे. आरएमओ विचारतो, "किती दिवसांपासून त्रास?" दमलेली आई म्हणते, "अहो डॉक्टर, खूप दिवस झाले. तशी त्याची तब्येत पहिल्यापासून नाजूकच." केस पेपरवर उतरतं, 'क्रॉनिक, सिन्स मेनी इयर्स'. चार शब्द. दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र येतं की आजार पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आहे, सबब क्लेम नामंजूर, आणि पुराव्याला तीच ओळ जोडलेली असते. म्हणून हिस्टरी सांगायला घरातल्या अशा एकालाच पुढे करा, ज्याच्या हातात तारखांचा कागद आहे. "पहिला ताप अमुक तारखेला. त्याआधी या तक्रारीसाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलो नव्हतो." गेला असाल तर तेही खरं सांगा, तारखेसकट. लिहून झाल्यावर "काय लिहिलंत ते एकदा वाचून दाखवता का?" असं विचारण्यात गैर काही नाही. चूक झालीच असेल तर जुन्या शब्दांवर एक सरळ रेघ, शेजारी दुरुस्ती, डॉक्टरांची सही, तारीख आणि वेळ. व्हाइटनर किंवा गिरवलेली अक्षरं दिसली की फाइलवरचा विश्वास उडतो. डिस्चार्जनंतर चूक लक्षात आली तर कन्सल्टंटकडून लेटरहेडवर खुलाशाचं पत्र घ्या.

हा तारखांचा कागद म्हणजे रोजची नोंद. शाळेची दुरेघी वही पुरते. ताप आला की वेळ आणि आकडा, पॅरासिटामॉल घेण्याआधी मोजलेला. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी मोजायची, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. बीपी फारसं उतरत नाही पण दहा मिनिटांच्या आत नाडी ३० नं वाढते, हेसुद्धा. मोजताना जवळ कुणीतरी हवं. "खूप अशक्तपणा वाटतो" हे वाक्य टीपीएचा डॉक्टर वाचून पुढे जातो. "११२ वरून ८६" हे वाचून तो थांबतो.

एक गोष्ट विम्याची नाही, तरी इथेच सांगायला हवी. निदान लांबतं त्याचं एक कारण आपल्या हातातलं असतं. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून घेतलेल्या लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी टीबी काही दिवस दबतो आणि सापडायला उशीर होतो. कल्चरसाठी रक्त घेण्याआधी अँटिबायोटिक घेतलं तर जंतू वाढत नाहीत. बायोप्सीआधी स्टेरॉइड सुरू झालं तर लिम्फोमासारखा आजार नमुन्यात ओळखू येत नाही. आधी घेतलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट फाइलला लावा, लपवू नका.

प्री-ऑथसोबत कन्सल्टंटचं एक पानी पत्र जोडायला सांगा. हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर फक्त छापील फॉर्म भरला जातो, हे पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही. पत्रात काय हवं? ताप किती दिवस, किती वेळा १०१ अंश फॅरनहाइटच्या वर. ओपीडीत काय केलं आणि त्यानं का भागलं नाही. भरतीच्या वेळचे आकडे: नाडी, बीपी, ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, सीआरपी. घरी ठेवण्यात धोका काय होता. भरतीत कोणते उपचार चालू आहेत. कोणत्या आजारांची शंका आहे आणि कोणती तपासणी कोणत्या शंकेसाठी. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण त्यानं कलमाचा दुसरा भाग निकालात निघतो. पीयूओ ही डॉक्टरांनी हात टेकल्याची खूण नाही. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी त्याची व्याख्या केली: १०१ अंशांवर अनेकदा गेलेला ताप, तीन आठवड्यांहून जास्त, आणि आठवडाभर हॉस्पिटलात तपासूनही कारण न सापडणं. म्हणजे भरती करून तपासणं हे या आजाराच्या व्याख्येतच होतं. १९९१ मध्ये ती अट सैल करून ओपीडीच्या तीन भेटी किंवा हॉस्पिटलातले तीन दिवस अशी केली गेली. पत्रात या ओळी असल्या तर शोभतात.

पॉलिसीतली 'मेडिकली नेसेसरी ट्रीटमेंट'ची व्याख्याही समोर ठेवा. आजाराच्या उपचाराला ते आवश्यक होतं, गरजेपेक्षा जास्त नव्हतं, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आणि वैद्यकीय व्यवसायात मान्य पद्धतीला धरून होतं. या चार मुद्द्यांना चार वाक्यांत उत्तर, अशी पत्राची रचना केली तर पुढे अपिलात तेच पत्र उपयोगी पडतं.

मग कंपनीकडून क्वेरी, म्हणजे प्रश्नांची यादी, येते. 'आजाराचा नेमका कालावधी, कारण, पहिल्या भेटीचा कागद, आधीचे आजार, इनडोअर केस पेपर.' हे घाबरण्यासारखं काही नाही, हा ठरलेला मजकूर असतो. उत्तर डॉक्टरांच्या सहीनं जावं, मुद्द्याला मुद्दा. 'कारण काय?' याला 'अद्याप निश्चित नाही, अमुक रिपोर्ट बाकी' हेच खरं उत्तर आहे. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. क्वेरीमुळे हे लांबतं, म्हणून डेस्कवर बसणारा नातेवाईक आणि डॉक्टरांशी बोलणारा नातेवाईक वेगळे ठेवा. आजारी माणसाला फोनवर 'युअर कॉल इज इम्पॉर्टंट' ऐकत बसवू नका. त्याच्या अंगात तेवढी ताकद नसते.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं नाही, हे मला ठळक सांगायचंय. त्या टप्प्यावर कंपनीकडे कागद अपुरे असतात. पैसे भरून उपचार घ्या आणि रिइम्बर्समेंटचा, म्हणजे भरलेले पैसे परत मागण्याचा, क्लेम टाका. भरतीची सूचना मात्र वेळेत गेलेली हवी, आणीबाणीत साधारण २४ तासांच्या आत, आणि कागद टाकायची मुदत पॉलिसीत बघून घ्या.

याच वेळी कुणीतरी कानाशी लागतं, "डॉक्टरांना डेंग्यू लिहायला सांगा, लगेच पास होईल." कृपया हे करू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आणि कागदावर डेंग्यू, हे पकडलं जातंच, आणि मग ती फसवणूक ठरते. पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, सलग पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या मुद्द्यावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण नाही. शिवाय पुढचा डॉक्टर ती खोटी हिस्टरी खरी धरून चालेल. निदान शोधणाऱ्या माणसाचं याहून मोठं नुकसान नाही.

खोली घेताना एक हिशेब करा. ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चांतूनही त्याच प्रमाणात, ३७.५ टक्के, कापले जातात. पण औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही. निदानाच्या भरतीत बिलाचा मोठा भाग तपासण्यांचाच असतो, म्हणून कंपनीनं तिथेही कापले असतील तर लेखी हरकत घ्या.

डिस्चार्ज कार्ड हाती आलं की हॉस्पिटलातून निघण्याआधी वाचा. भरतीचं कारण, त्रासाचा कालावधी, भरतीच्या वेळचे आकडे, दिलेलं प्रत्येक इंजेक्शन आणि किती दिवस, आणि बाकी असलेले रिपोर्ट. 'पेशंट ॲडमिटेड फॉर इव्हॅल्युएशन' हे एकच वाक्य तिथे असेल तर डॉक्टरांना विनंती करून उपचार त्यात नोंदवून घ्या, जे खरंच दिले तेच. इनडोअर केस पेपरची झेरॉक्स लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडी घ्या. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) दोन्ही मागता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तेच लागतात.

क्लेम नामंजूर झालाच, तर पत्रात पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय ते शोधा. कलमाचा उल्लेख न करता क्लेम नाकारता येत नाही, आणि कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवायही नाकारता येत नाही. कमिटीनं पाहिलं का, असं सरळ विचारा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया यांची पॉलिसी असेल तर त्या सरकारी कंपन्या आहेत, माहितीच्या अधिकारात स्वतःच्या क्लेमच्या फाइलवरचे शेरे मागता येतात. एक युक्तिवाद वारंवार येतो, "हा आजार व्हायला वर्षं लागतात, म्हणजे तो आधीपासून असणार." त्याला उत्तर व्याख्येत आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतला गेला, तोच आजार 'आधीचा' धरतात. तसा कागद कंपनीनं दाखवावा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबत आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात कार्यालय आहे. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख, आणि नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक आहे, तुमच्यावर नाही, त्यामुळे त्यानंतरही ग्राहक आयोग खुला राहतो. उलटा क्रम मात्र करू नका. आयोगात केस टाकली की लोकपाल तोच विषय घेत नाहीत. आयोगासाठी मुदत दोन वर्षं.

या सगळ्या काळात पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. क्लेम घेतले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण तुम्ही हप्ता चुकवलात तर नव्या प्रस्तावात अर्धवट तपासलेला आजार लिहावाच लागेल आणि दार बंद होऊ शकतं. पोर्ट करण्याची, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचीही, ही वेळ नाही, नवी कंपनी नकार देऊ शकते. नोकरी सुटणार असेल तर ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज, सुटण्याआधीच.

ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो, त्यांनी खासगीत धावण्याआधी ते कार्ड वापरावं. तिथे ओपीडी आणि तपासण्याही धरल्या जातात, म्हणजे निदान नसलेल्या माणसाला नेमकं जे लागतं ते. रजेच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ती ठरवून दिलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते, म्हणून आजार कुठल्या पॅकेजात बसतो ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारा. महिनोन्‌महिने काही सापडत नसेल तर मुंबईचं केईएम, ससून, नागपूरचं एम्स किंवा बांबोळीचं गोमेकॉ अशा शिकवणाऱ्या हॉस्पिटलात सगळी फाइल घेऊन जा. तिथे एका पेशंटला अनेक विभाग बघतात, आणि खर्च खासगीच्या मानानं फार कमी. केईएम हे दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणातलं केंद्रही आहे.

शेवटी रिपोर्ट. टीबीचं द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबतात, म्हणजे डिस्चार्ज होऊन महिना उलटल्यावर निदान हाती येऊ शकतं. आलं की त्याच आठवड्यात कन्सल्टंटकडून डिस्चार्ज कार्डाला पुरवणी घ्या: 'भरतीत घेतलेल्या नमुन्यावरून आता अमुक निदान निश्चित.' क्लेम नंबर घालून ती कंपनीला पाठवा, आधी नामंजूर झाला असेल तर फेरविचाराचा अर्ज जोडा, आणि भरतीनंतरच्या खर्चाची ६० किंवा ९० दिवसांची मुदत संपायच्या आत बिलं टाका. निदान टीबीचं निघालं तर निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करून औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. ते क्लेमच्या निकालाची वाट न बघता त्याच दिवशी सुरू करायचं.